पाच वाजताची गोळी

१

मोठे मालक निळ्या हौदाच्या कडेला कोसळले तेव्हा त्यांच्या हातात सुताची ओली लड होती, आणि पडतानाही त्यांनी ती जमिनीला लागू दिली नव्हती. रंगकारखान्यातले कामगार हेच पुढे बरेच दिवस सांगत राहिले. सोमवारी दुपारी बाराला ते इस्पितळात पोचले तेव्हा वरचा रक्तदाब साठावर होता, रक्तातलं मीठ उतरलं होतं आणि माणूस ओठांपासून तळहातांपर्यंत थंड पडला होता.

डॉक्टरीणबाईंनी फाईलचं पहिलं पान वाचलं आणि शिरेतून स्टेरॉइड सोडायला सांगितलं. तासाभरात रक्तदाब चढला. संध्याकाळी मालक उशीला टेकून बसले आणि चहा पाणचट आहे म्हणाले. माणूस वाचला. पण सुई टोचण्याआधी बाईंनी नळीभर रक्त बाजूला काढून ठेवलं होतं. त्याचा अहवाल बुधवारी सकाळी आला आणि तो घेऊन त्या थेट औषधविभागात आल्या.

तिथल्या खिडकीमागे बसणाऱ्या तरुण मुलीला सगळे मोजपट्टी म्हणत, तोंडावरसुद्धा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिनं स्वतःचं थर्मामीटर आणून औषधांचा फ्रीज मोजला होता, आणि तो दोन अंशांनी चुकतोय हे लेखी कळवलं होतं. तेव्हापासून हे नाव चिकटलं. तिला ते आवडायचं, पण तसं ती कुणाला कळू देत नसे.

"वाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिनं वाचलं. मग आकड्यांवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मालक नऊ वर्षं रोज पहाटे पाच वाजता प्रेडनिसोलोनची दहा मिलिग्रॅमची गोळी घेत. शरीरात तयार होणाऱ्या कॉर्टिसॉल नावाच्या हार्मोनच्या साच्यावर माणसानं घडवलेलं हे औषध, आणि मूळ हार्मोनाहून चौपट जोरकस. सांधे आखडून ज्यांना लड धरता येत नव्हती, त्यांना या गोळीनं हात परत दिले होते. त्याची किंमतही तिनं वसूल केली होती. बाहेरून आयतं हार्मोन मिळतंय म्हटल्यावर मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींनी काम सोडलं आणि घरजावयासारख्या बसून राहिल्या. आता गोळी एकाएकी थांबली, तर त्या उठून कामाला लागेपर्यंत माणूस जायचा.

"गोळी पाचला घेतली. रक्त बाराला काढलं," मोजपट्टी म्हणाली. "सात तास. पाचवा हिस्सा तरी उरायला हवा."

"आणि आहे किती?"

"जवळजवळ शून्य."

"म्हणजे त्यांना गोळी मिळतच नव्हती," दारातून आवाज आला. मालकांचा मुलगा तिथं कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, नखांच्या कडेला निळा रंग. "आणि ती कोण गिळंकृत करत होतं तेही मला माहीत आहे."

२

मुलाचं म्हणणं सरळ होतं. वडिलांना सांभाळायला घरात एक बाई होत्या. सहा वर्षांपासून. नात्यानं कुणी नव्हत्या, पण सगळे मावशी म्हणत. गोळी त्याच देत. आणि गेल्या महिन्याभरात मुलानं दोनदा त्यांना संध्याकाळी कारखान्याच्या मागच्या फाटकाशी पाहिलं होतं. शेडच्या सावलीत उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हातात त्या छोटी पुडी ठेवत होत्या.

"विचारलं तर म्हणाल्या, ते मी सांगणार नाही. बाहेर औषध विकतात आणि बाबांना खडूच्या गोळ्या देतात. शुक्रवारी चार वाजता मी पोलिसांत तक्रार देणार. बाबांची सही घेऊन."

"आज का नाही?" मोजपट्टीनं विचारलं.

"बाबा म्हणाले, दोन दिवस थांब."

हे तिनं मनात टिपून ठेवलं. खिशावर डल्ला मारणाऱ्याला दोन दिवसांची सवड कोण देतं?

मावशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. सोमवारपासून. त्यांना आत सोडायचं नाही असं मुलानं सांगून ठेवलं होतं, म्हणून त्या दाराच्या काचेतून दिसेल तेवढं पाहत होत्या. पन्नाशी उलटलेली, काटक, पदर घट्ट खोचलेला. मोजपट्टी शेजारी बसली.

"पाचची गोळी कोण देतं?"

"मीच."

"गिळलेली बघता?"

"तोंड उघडायला लावते. जीभ वर करा, जीभ खाली करा. चिडतात. म्हणतात, मी काय दूधपीता आहे का?"

"डबीत गोळ्या कोण भरतं?"

"सूनबाई. दर रविवारी, आठवड्याच्या. औषध आणतात धाकटे मालक."

"आणि संध्याकाळची पुडी?"

मावशींनी काचेकडे पाहिलं. "ते विचारू नका."

"मावशी, शुक्रवारी तुमच्यावर चोरीचा आळ येईल. खरा ठरो की खोटा, पुढे कुणी आपला म्हातारा माणूस तुमच्या हवाली करेल?"

"नाही करणार."

"मग?"

"मग काय. हात धड आहेत. भांडी घासेन." त्या अगदी सहज म्हणाल्या. "मी त्यांच्या गोळीला हात लावलेला नाही. एवढं तुम्हाला पटलं तर बास."

पटलं होतं का? पटण्यावर तिचा विश्वास नव्हता. मोजण्यावर होता. पण एक हिशेब तिच्या डोक्यात पक्का बसला. खरं काय ते शोधायला दोन दिवस होते, आणि ते हुकले तर मावशींचा जन्माचा धंदा बुडणार होता. शिवाय मालक घरी जाऊन पुन्हा हौदाशी पडले, तर दर वेळी कुणी वेळेवर इस्पितळात आणेलच असं नाही.

तिनं सूनबाईंकडून घरातली गोळ्यांची पाकिटं आणि ती सात कप्प्यांची डबी मागवली. सूनबाईंनी स्वतः आणून दिली, आणि देताना म्हणाल्या, "माझ्यावर संशय असेल तर तोही घ्या. गोळ्या मी भरते. सासऱ्यांशी माझं पटत नाही हे गल्लीला ठाऊक आहे."

"का पटत नाही?"

"मी स्वयंपाकघरात पिवळे पडदे लावले. म्हणाले, निळ्याचा हंगाम संपेपर्यंत काढ."

मोजपट्टीनं डबी उघडली. प्रत्येक कप्प्यात एक गोळी, पाकिटातल्यासारखीच. वरचा छाप तोच, वजन तेच. खडू नव्हताच. मग मधे कुठं अदलाबदल होत होती?

ते शोधायचा एकच रस्ता होता, आणि तो डॉक्टरीणबाईंना आवडणार नव्हता.

३

"वेडी आहेस का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"इंजेक्शन चालू आहे तोवर त्यांची गोळी मोजता येणार नाही असं नाही. मशीन दोन्ही औषधं वेगवेगळी ओळखतं. उद्या पाचला त्यांच्याच डबीतली गोळी द्यायची, माझ्या डोळ्यांसमोर. सहाला, नऊला आणि बाराला रक्त काढायचं."

"ते ठीक आहे. मघाशी दुसरं काय म्हणालीस ते परत बोल."

"त्याच डबीतली दुसरी गोळी मी घेणार. त्याच वेळी. माझंही रक्त काढायचं. नाहीतर आकडे कशाशी ताडून बघणार?"

बाईंनी कपाळावर हात मारला, पण कागदावर सही केली. एका गोळीनं निरोगी माणसाचं काही बिघडत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी पहाटे पाचला वॉर्डात दिवे लागत होते. मालक खाटेवर ताठ बसले होते, गळ्याशी शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. सत्तरीच्या माणसाचे डोळे जागरणानं पाझरत होते. त्यांनी सोमवारच्या शर्टाच्या खिशातला रुमाल काढून टिपले. रुमाल रंगाऱ्याचाच होता, चारही टोकांना निळ्या बोटांचे ठसे आणि मधोमध एक मळकट केशरी डाग.

"तू पण घेणार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आधी तू. पाहुण्याला मान."

दोघांनी पाण्याबरोबर गोळी घेतली. तिनं त्यांना तोंड उघडायला सांगितलं. त्यांनी उघडलं, जीभ वर केली, खाली केली.

"मावशीनं शिकवलंय," ते म्हणाले आणि दाराच्या काचेकडे बघू लागले.

"आजोबा, या गोळीशिवाय दुसरं काही औषध घेता? काढा, चाटण, झोपेची गोळी?"

"नाही."

"कुठलंच?"

"डॉक्टरीणबाईंनी विचारून झालंय. नाही म्हणजे नाही."

तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेनं या वेळी तातडीनं मोजून आकडे दुपारी एकला दिले. सहाचे आकडे पाहून तिला उगाच आनंद झाला. दोघांच्या रक्तात गोळी होती, त्यांच्यात थोडी कमी. म्हणजे गोळी खरी होती, पोटात गेली होती आणि रक्तात उतरलीही होती. नऊला तिच्यात निम्म्याहून जास्त उरलेली, त्यांच्यात जेमतेम चौथाई.

बाराचा आकडा तिनं उभ्यानंच वाचला. तिच्या रक्तात गोळी अजून होती. मालकांच्या रक्तात नव्हती.

डबी एक. वेळ एक. साक्षीदार स्वतः ती. गोळी कुणी चोरली नव्हती, कुणी बदलली नव्हती. तरीही ती गायब होत होती, आणि होत होती ती मालकांच्या शरीराच्या आत.

४

यकृत हे शरीरातलं मोठं धुलाईघर. बाहेरून आलेलं औषध ते हळूहळू धुऊन टाकतं. तिथले कामगार वाढवले तर धुलाई वेगानं होते, आणि हे कामगार वाढवणारी औषधं थोडीच आहेत. मोजपट्टीनं खिडकीशी बसून यादी लिहिली. फिट येऊ नये म्हणून देतात ती दोन-तीन. मन उदास असलं की लोक घेतात ती एक वनस्पती. शेवटी आणखी एक नाव लिहून तिनं त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. छातीचा एक्स-रे तर स्वच्छ होता.

यांपैकी काहीतरी मालक घेत होते. आणि नाही म्हणत होते.

दुपारी तीनला ती कारखान्यात पोचली. लांबलचक शेड, पत्र्याला लटकलेल्या दांड्यांवर वाळत घातलेल्या लडी, त्यांच्यातून गळणारं पाणी, आणि जमिनीवर सगळीकडे निळी डबकी. वाफेतून एक बुटका माणूस पुढे आला. हा मुकादम. कोपरापर्यंत निळा.

"मालक कसे आहेत?"

"चहाला नावं ठेवतात."

"मग बरे आहेत." त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. "बूट पांढरे घालून आलात. जाताना नसतील."

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि मनात काहीतरी अडलं. "केशरी हौद कुठला?"

"केशरी?" मुकादम हसला. "आता? बाई, आठ आठवडे इथं निळ्याशिवाय काही उकळलेलं नाही. शाळांच्या गणवेशाचं काम आहे. मालकांचा नियम, एका हंगामाला एकच रंग. हौद खरवडून धुतला, उन्हात वाळवला, की मगच दुसरा. तोवर दुसऱ्या रंगाचा बंद डबासुद्धा फाटकाच्या आत नाही. मागं धाकटे मालक लाल शर्ट घालून आले तर परत पाठवलं घरी. सख्खा मुलगा."

"एवढं?"

"एवढंच. रंगाला रंग भेटता कामा नये, म्हणतात. मधे वेळ गेला, भांडं धुतलं, की मग खुशाल काहीही घाला. बत्तीस घरं चालतात या नियमावर. या कामात एक लड डागाळली, की अख्खं काम परत येतं."

मग रुमालावर केशरी कुठून आलं?

"मुकादम, संध्याकाळी मागच्या फाटकाशी मावशी येतात ना?"

"येतात की. सहाला. घड्याळ लावून घ्यावं."

"पुडी कुणाला देतात?"

मुकादमानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं पाणी ओलं असतं का असं विचारलं होतं.

"कुणाला म्हणजे? मालकांना. ते हौदामागच्या खोलीत जातात, दार लावतात, पाणी पितात, बाहेर येतात. आम्हाला वाटायचं, सूनबाईंच्या चोरून काहीतरी गोडधोड खातात."

साप साप म्हणून सगळे ज्याला झोडपत होते तो दोर निघाला. मावशी घरातून औषध बाहेर नेत होत्या हे खरं होतं. पण ते त्याच माणसासाठी, ज्याचं औषध चोरल्याचा त्यांच्यावर आळ होता.

इस्पितळात परत येऊन तिनं बूट न पुसताच वॉर्डातली नोंदवही मागितली. सोमवार, दुपारी साडेबारा. परिचारिकेच्या स्वच्छ अक्षरात एक ओळ होती: लघवी गडद केशरी.

"तुम्हाला चमत्कारिक नाही वाटलं?" तिनं परिचारिकेला विचारलं.

"अंगातलं पाणी कमी झालेलं होतं. आणि रंगारी माणूस. म्हटलं, यांच्या अंगातून कुठलाही रंग येईल."

रंगाऱ्याच्या अंगावरचा डाग कोण बघतो? प्रश्नचिन्ह लावलेल्या नावापुढचं प्रश्नचिन्ह मोजपट्टीनं खोडलं. ते नाव होतं रिफाम्पिसिन. क्षयाचं औषध. घाम, अश्रू, लघवी, सगळं केशरी करणारं, आणि यकृताच्या धुलाईघरात माणसांची खोगीरभरती करणारं.

५

शुक्रवारी दुपारी दोनला तिनं मालकांच्या खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि स्टूल जवळ घेतलं.

"गळ्याशी गाठ होती ना?" तिनं हळू आवाजात विचारलं. "कॉलरखाली. आता बसली असेल."

मालकांचा हात बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"मावशी बोलली?"

"नाही. अजून बाकावर आहेत. तोंडाला कुलूप. तुमचा रुमाल बोलला. आणि हे बंद बटण."

मग त्यांनी बटण काढलं. मानेच्या उजव्या अंगाला वाटाण्याएवढा उंचवटा, त्यावर सुईची जुनी खूण.

"नदीपलीकडच्या दवाखान्यात दाखवली," ते म्हणाले. "सात आठवड्यांपूर्वी. ते म्हणाले, गाठीचा टीबी आहे. या गोळीनं अंगातली शक्ती दबते, म्हणून आतला जुना जंतू उठला असेल. नाही, हे ते नाही म्हणाले. हे मी नंतर वाचलं. त्यांनी विचारलं होतं, दुसरं औषध चालू आहे का. मी नाही म्हणालो."

"का?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, फाईल आणा. फाईल आली की नाव आलं. नाव आलं की कारखाना आला. लहान मुलांच्या गणवेशाचं कापड. टीबीच्या माणसानं रंगवलेलं."

"गाठीचा टीबी पसरत नाही, आजोबा. कापडातून तर कुठलाच नाही. हे त्यांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं. पण टीबी कुठं आहे हे लोक विचारत नाहीत. आहे का, एवढंच विचारतात. मावशीला मागं झाला होता. बरी झाली, तरी दोन घरांनी काढून टाकलं. तिनंच सांगितलं, कुणापाशी बोलू नका. औषध तिच्या पेटीत राहायचं. मी तिच्याकडून शब्द घेतला."

"आणि संध्याकाळी सहा का?"

आता मालकांच्या आवाजात थोडी ऐट आली. "मी काय अडाणी आहे? दोन औषधं एकमेकांत मिसळू नयेत हे मला कळतं. पाचला ही गोळी. ती दिवसभरात उतरून जाते. मधे भरपूर पाणी प्यायचं. भांडं धुऊन निघालं की सहाला ती. तेरा तासांचं अंतर ठेवलं होतं मी. एक दिवस चुकलो नाही."

मोजपट्टीला हसू आलं नाही. इतक्या निगुतीनं केलेली चूक तिनं कधी पाहिली नव्हती.

"हौद धुता येतो," ती म्हणाली. "यकृत नाही धुता येत. ती केशरी गोळी येते आणि जाते, पण जाताना तिथं जास्तीचे कामगार लावून जाते. ते रात्रंदिवस तिथंच असतात, गोळी थांबवली तरी दोन आठवडे. सकाळी पाचला तुमची गोळी पोचली की ते सगळे तिच्यावर तुटून पडतात. दहा वाजेपर्यंत फडशा. तुमच्या ग्रंथी तर नऊ वर्षं झोपलेल्या. तेरा तास काय आणि तेवीस काय, फरक पडला नसता. गेल्या काही आठवड्यांत थकवा होता ना? मळमळ? उठताना अंधारी?"

"वयाला लावलं सगळं."

"उपाय सोपा आहे. क्षयाचं औषध पुरं करायचंच, आणि तोवर पाचची गोळी वाढवायची, दुसरा डोस दुपारी. डॉक्टरीणबाई ठरवतील."

"मग ठरवा. तुम्ही दोघींनीच." मालक पुढे झुकले. "डोस वाढव. पोराला सांग, काहीतरी पचनाचं होतं. माझं नाव बाहेर जाऊ देऊ नकोस. तुला तो हक्कच नाही, मला माहीत आहे."

ते खरं होतं. रोग्याची गोष्ट रोग्याच्या परवानगीशिवाय त्याच्या मुलालाही सांगायची नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम. डॉक्टरीणबाईंना सांगता येईल, कारण औषध त्यांना द्यायचं होतं. मुलाला नाही. पोलिसांनाही आपण होऊन नाही. रहस्य उलगडलं होतं, आणि ते तिच्या हातात असून नसल्यासारखंच होतं. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "पण पचनाचं होतं असंही सांगणार नाही. खोटं लिहायला माझा हात चालत नाही. चार वाजता तुमचा मुलगा कागद घेऊन येईल. सही तुमची लागणार आहे, माझी नाही. तोवर मी इथंच बसते."

"तुला काम नाही का?"

"आहे. रजा टाकलीय."

"हटवादी आहेस."

"हो."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिनं स्टूल हलवलं नाही. तीन वाजता त्यांनी पाणी मागितलं, तिनं दिलं. साडेतीनला ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "बत्तीस घरं आहेत."

"आणि बाकावर एक बाई आहे," ती म्हणाली. "तिचं एकच घर आहे, आणि तेही दुसऱ्यांच्या आजाऱ्यांवर चालतं."

ते भिंतीकडून वळले आणि उशीला टेकून बसले.

चारला पाच कमी असताना पडदा सरकला. मुलगा, त्याच्यामागे सूनबाई, आणि त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई. मुलानं टंकलेला कागद आणि पेन वडिलांच्या मांडीवर ठेवलं.

"इथं, बाबा. खाली."

मालकांनी कागद वाचला. पूर्ण, सावकाश, एकेका ओळीखाली अंगठा सरकवत. मग तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागले. सांध्यांनी वाकलेल्या बोटांना वेळ लागत होता. मुलगा काहीतरी बोलणार होता, डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. मालकांनी खाली सही केली, पूर्ण नावाची, आणि कागद मुलाला दिला.

"वाच. मोठ्यानं."

"'मला मानेच्या गाठीचा क्षय आहे. सात आठवडे मी त्याचं औषध लपवून घेत आहे. ते औषध मावशी माझ्या सांगण्यावरून मला आणून देत. माझी पाचची गोळी...'" मुलाचा आवाज खाली गेला.

"ऐकू येत नाही," वडील म्हणाले.

"'माझी पाचची गोळी कुणी चोरली नाही. ती माझ्याच चुकीनं वाया गेली. मावशींनी शब्द पाळला, आणि मी त्यांना त्यात अडकू दिलं.'"

वॉर्डात पलीकडच्या खाटेवरचा माणूसही उठून बसला होता. पडदा म्हणजे भिंत नव्हे.

"हे लोकांना कळलं तर काम जाईल, बाबा," मुलगा शेवटी म्हणाला.

"जाईल कदाचित. उद्या तू स्वतः जाऊन त्या शाळावाल्यांना सांग. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी." त्यांनी बटण पुन्हा लावलं नाही. "आणि तिला आत आण. तू आण. परिचारिकेला पाठवू नकोस."

सूनबाईंनी नवऱ्याच्या पाठीला हलकेच ढकललं.

६

सोमवारी दुपारी एकला औषधविभागाच्या खिडकीशी मावशी आल्या. एका हातात डॉक्टरीणबाईंची नवी चिठ्ठी होती आणि दुसऱ्या हातात पेन्सिल.

"एकदा वाचून दाखवा. मी माझ्या अक्षरात लिहून घेते."

मोजपट्टीनं वाचलं. पहाटे इतकी, दुपारी इतकी. क्षयाच्या गोळ्या आता लपवायच्या नाहीत. ताप किंवा उलटी झाली तर थांबायचं नाही, सरळ इस्पितळात. क्षयाचं औषध संपल्यावर वाढवलेला डोस एकदम तोडायचा नाही, विचारून उतरवायचा.

मावशींनी प्रत्येक ओळ लिहिली आणि परत वाचून दाखवली. एकही आकडा चुकला नाही.

"गणवेशाच्या कामाचं काय झालं?"

"अजून कळलं नाही. धाकटे मालक जाऊन सांगून आलेत. ते म्हणाले, कळवतो." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्यांनी माझी माफी मागितली. मी म्हटलं, माफी नको, त्या दाराच्या काचेतून एकदा तुम्ही चार दिवस बघा. नाही, असं म्हटलं नाही मी. मनात म्हटलं."

"तुम्ही खरंच पोलिसांत तोंड मिटून गेला असता?"

"गेले असते."

"शब्दासाठी?"

मावशींनी थोडा विचार केला. रांगेत मागं उभ्या असलेल्या माणसानं घसा खाकरला, त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"माझ्यावरचा आळ मी सोसला असता, त्याचं काही नाही. पण ते हौदाशी पडले त्या दुपारीच मी बाईंना सगळं सांगायला हवं होतं. मला ठाऊक नव्हतं त्या गोळ्यांचा काही संबंध आहे म्हणून. तरी सांगायला हवं होतं. आजाऱ्याच्या पोटात काय जातंय ते डॉक्टरपासून लपवायचं नाही, हे माझ्याच धंद्यातलं पहिलं अक्षर. तुम्ही आकडे काढत बसला नसता तर मी माझा शब्द पाळत बसले असते, आणि ते गेले असते." त्यांनी पेन्सिल केसांत खोचली. "पुन्हा असा शब्द मी कुणाला देणार नाही. त्यांनाही कालच सांगून टाकलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चहा पाणचट झालाय."

आणि दुपारचा डोस दोनला द्यायचा होता, म्हणून त्या झपझप निघाल्या.